निळ्या शेपटीनंतर डावीकडे

बदलापुरात धुकं येतं ते नदीकडून. डिसेंबर सरत आला की एखाद्या सकाळी गच्चीवर जावं तर समोरची पाण्याची टाकी नसते, तिच्यामागचा डोंगर नसतो, आणि खाली दूधवाल्याच्या मोटारसायकलचा नुसता आवाज जात असतो. यंदा ते जरा उशिराच उतरलं. मी चहाचा कप घेऊन कठड्याशी उभा राहिलो आणि सवयीने रस्त्यावरचे दिव्याचे खांब पाहिले. पहिला दिसत होता, दुसरा दिसत होता, तिसरा असावा असं वाटत होतं. दोन खांबांतलं अंतर मी एकदा टेपने मोजलेलं आहे, त्यामुळे किती लांबवर दिसतंय हे मला मीटरमध्ये सांगता येतं. कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा. माझी बायको शैला म्हणते, लोक धुकं बघायला गच्चीवर जातात, आमच्याकडे त्याची मापं घ्यायला जातात.

मापं घेणं हा माझा धंदाच आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. पंपाचे शाफ्ट आमच्याकडे तयार होतात. केसाहून बारीक फरकावर एखादा शाफ्ट पास की नापास हे ठरतं. पण धुकं मोजायची खोड कारखान्यातली नाही. ती काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीतली आहे. त्या थंडीत आमची मुलगी अश्विनी एका परीक्षेत नापास झाली, आणि विमानं जमिनीवर कशी चालतात याचं आमच्या घराला वेड लागलं.

अश्विनी तेव्हा नुकतीच विमानतळावर नोकरीला लागली होती. प्रवासी असतात त्या बाजूला नाही; काचेच्या पलीकडे, जिथे विमानं उभी असतात तिथे. त्या बाजूला एक पिवळी जीप असते. तिच्या पाठीवर दिव्यांची पाटी असते, माझ्या मागे या, अशा अर्थाची. वैमानिक नवखा असेल, धुकं असेल, एखादा रस्ता कामासाठी बंद असेल, तर ही जीप विमानाच्या पुढे चालते आणि विमान मुकाट तिच्यामागून येतं. अश्विनीला ती जीप चालवायची होती. वांगणीला राहणारा तिचा मामा, दिगंबर, हे ऐकून शैलाला म्हणाला, इंजिनेर केली आन् शेवटी डायवर झाली. शैलाने भावाला तिथल्या तिथे सुनावलं, की तुझ्या ट्रॅक्टरमागे नांगर असतो, तिच्या जीपमागे विमानभर माणसं असतील.

पण त्या जीपमध्ये एकटीने बसायचं तर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. शेजारी परीक्षक, कानात विमानतळाच्या नियंत्रण टॉवरचा आवाज, आणि आजूबाजूला खरीखुरी विमानं. त्या परीक्षेत ती नापास झाली. आणखी एकच संधी होती. तीही गेली असती तर तिला आत संगणकापुढे बसवणार होते, कुठलं विमान कुठे उभं करायचं ते ठरवायला. काम वाईट नव्हे. पण तिला जीप हवी होती. घरी आली तेव्हा ती रडली नाही. जेवली, ताट घासायला टाकलं, आणि हॉलच्या भिंतीवर कॅलेंडर होतं ते काढून तिथे विमानतळाचा नकाशा चिकटवला.

तो नकाशा मी किती वेळ पाहिला असेन. तोवर माझी समजूत अशी, की विमान उतरलं की संपलं, मग ते कसं तरी दारापर्यंत येतं. पण धावपट्टी आणि टर्मिनल यांच्यामध्ये गल्ल्यांचं एक गावच असतं. या गल्ल्यांना टॅक्सीवे म्हणतात. प्रत्येक गल्लीला इंग्रजी अक्षर, फाट्याला अक्षर आणि आकडा. टॉवरमधला माणूस सांगतो, अमुक गल्लीने जा, तमुक फाट्यावर वळा, धावपट्टीच्या अलीकडे थांबा. वैमानिकाने ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं, मग चाकं हलवायची. आणि तरीही विमानं चुकतात. चुकीच्या गल्लीत शिरतात, नको तिथे धावपट्टीवर येतात, दुसऱ्या विमानाला पंख घासतात. समुद्र ओलांडून ठरल्या जागी बिनचूक उतरलेलं विमान शेवटच्या दोन किलोमीटरांत वाट चुकतं, हे मला इतकं विलक्षण वाटलं की रात्रीच्या जेवणाला मी रोज एक प्रश्न काढत असे. विमानाला मागे जाता येत नाही का? अश्विनी म्हणाली, आपणहून नाही, ट्रॅक्टर आणून ढकलावं लागतं. म्हणून चुकीच्या गल्लीत शिरलं की शिरलंच. वैमानिकाला आपल्या पंखाचं टोक दिसतं का? मोठ्या विमानात बहुतेक नाही. म्हणजे इतकी रुंद वस्तू चालवायची आणि तिच्या कडा दिसत नाहीत. शैला म्हणाली, मी लग्नात शालू नेसून जिना उतरले होते तेव्हा मलाही दिसत नव्हत्या.

अशा चुका वर्षाला किती होतात, हे अर्थात मी विचारलंच. अश्विनीने आकडा दिला नाही. तिचं म्हणणं, जी विमानं चुकली त्यांची मोजणी कुणी तरी ठेवतं, पण चुकता चुकता जी थांबली ती कशी मोजणार? मी जन्मभर आकड्यांवर जगलो. ज्याला आकडाच नाही अशी गोष्ट माझ्या ताटापाशी पहिल्यांदाच आली होती.

तिची स्वतःची चूक काय झाली हे तिने लगेच सांगितलं नाही. चार-आठ दिवसांनी, भाजी निवडताना, आईला सांगितलं. मी पलीकडे बसून ऐकलं. त्या विमानतळावर एका बंद पडलेल्या कंपनीचं विमान कित्येक महिने एकाच जागी उभं होतं. त्याची शेपटी निळी. शिकताना हिने मनात खूण करून ठेवली, निळ्या शेपटीनंतर डावीकडे. परीक्षेच्या सकाळी विरळ धुकं होतं. धुक्यातून निळी शेपटी दिसली, ही डावीकडे वळली. पण ते विमान आदल्या दिवशी ओढून दुसरीकडे नेऊन ठेवलं होतं. ती ज्या गल्लीत शिरली ती सरळ धावपट्टीकडे जाणारी होती. परीक्षकांनी तिला थांबवलं.

शैलाने विचारलं, पुढे काही दिवे-बिवे नव्हते का?

"होते ना. जमिनीत लाल दिव्यांची रांग होती. दिसली मला." मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. "पण मला वाटलं, ते दुसऱ्या कुणासाठी असतील."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. इतर कुणी ते ऐकून हसलं असतं. आम्हाला हसता आलं नाही, कारण आमच्याकडच्या कुठल्याही चौकात लाल दिवा हा दुसऱ्या कुणासाठी असतो. आणि खुणेवरून वळणं हे तर तिच्या रक्तातच म्हणायला हवं. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये वाढलो. उल्हासनगर मुळात लष्कराच्या छावण्यांचं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या बॅरेकींमध्ये आली. त्यामुळे पूर्ण शहराला आकडे आहेत, कॅम्पचा आकडा, सेक्शनचा आकडा, बॅरेकचा आकडा. आणि ते कुणी वापरत नाही. आमच्या घराचा पत्ता कागदावर बॅरेक नंबर, तोंडी मात्र पिठाच्या गिरणीमागे. गिरणी मी शाळेत असतानाच बंद झाली. तिथे जीन्स शिवणारे आले, तेही गेले, मोबाइलचं दुकान आलं. माझे चुलतभाऊ अजून गिरणीमागेच राहतात.

विमानतळावर पाट्या तीन रंगांच्या असतात. काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे तू इथे आहेस. पिवळ्यावर काळं म्हणजे इकडे वळलीस तर ती गल्ली लागेल. लालवर पांढरं म्हणजे विचारल्याशिवाय पुढे पाऊल नाही. अश्विनीने हे भाजीच्या पिशव्यांकडे बोट दाखवून शैलाला शिकवलं होतं. मला त्यातली पहिली पाटी फार आवडली. आपल्या रस्त्यांवर कर्जत किती लांब ते लिहिलेलं असतं. आपण आत्ता कुठे उभे आहोत, हे सहसा कुणी लिहीत नाही. ते आपल्याला माहीतच असणार, असं धरलेलं असतं.

मग रविवारी सकाळी आम्ही गाडी काढायला लागलो. आमची जुनी छोटी गाडी, चालवायला अश्विनी, शेजारी मी, मागे शैला. मी टॉवर. नियम असा की दुकान, देऊळ, झाड, काही बघून वळायचं नाही. भिंतीवरचे बॅरेकींचे नंबर वाचत जायचं. मी सांगायचं, कॅम्प दोनच्या बाजारातून अमुक सेक्शनला, मोठ्या रस्त्याच्या अलीकडे थांबणे. तिने ते परत म्हणायचं, मगच क्लच सोडायचा. शैला मागून म्हणायची, टॉवरला सांगा, परतीच्या वाटेवर कोथिंबीर घ्यायची आहे. अश्विनी तेही परत म्हणायची.

सकाळच्या त्या धूसर उजेडात कॅम्प दोनची शटरं अर्धी वर असत. रंगाच्या थरांखाली गेलेले नंबर वाचताना वाटायचं, हे शहर स्वतःचं नाव गिळून बसलंय. एकदा नंबरांची रांग मध्येच तुटली, म्हणून मी उतरून एका कपड्यांच्या दुकानदाराला विचारलं. सिंधी गृहस्थ होते, अगरबत्ती ओवाळत होते.

"नंबर से कौन ढूंढता है, साईं? वो पुराना टॉकीज देखा है?"

"नहीं."

"टूट गया. उसके सामने."

ते त्या नंबराच्या बॅरेकीतच उभे होते, हे आम्हाला नंतर कळलं. पण मला माहीत नाही, असं ते म्हणाले नाहीत. त्या सगळ्या रविवारांत कुणीच म्हणालं नाही. पानवाला, रिक्षावाला, फिरायला निघालेले आजोबा, प्रत्येकाने हात उचलून कुठली तरी दिशा दाखवली. आपल्याकडे रस्ता विचारणाऱ्याला रिकामं परत पाठवणं बरं दिसत नाही. चुकीचा का होईना, रस्ता द्यायचा.

आमचा दुसरा नियम होता, शंका आली की जागच्या जागी थांबायचं आणि मोठ्याने सांगायचं, मी कुठे आहे याची मला खात्री नाही. पहिला नियम अश्विनीने लवकर उचलला. दुसरा काही केल्या जमेना. शंका आली की तिचा पाय ब्रेककडे जायचा नाही, गाडी नुसती हळू व्हायची, आणि मागून भोंगे सुरू झाले की ती पुढेच जायची. एकदा खरोखर थांबली, तर मागचा रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, मॅडम, सोना है तो घर जाओ. ती कानापर्यंत लाल झाली. पुढचे दोन चौक तिने शंका आली तरी सांगितली नाही, हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

कारखान्यात आम्ही एक काळजी घेतो. महत्त्वाचा शाफ्ट दोघं मोजतात, पण पहिल्याचं माप दुसऱ्याला सांगत नाहीत. सांगितलं की त्याला तेच दिसतं. काटा हललेला असला तरी डोळा त्याला ओळखीच्या रेषेवर नेऊन बसवतो. वैमानिकांचंही असंच होतं म्हणे. रोज ज्या गल्लीने जायचं तीच आज मिळणार असं मनाने धरलेलं असतं. टॉवर दुसरी सांगतो, वैमानिक ती परत म्हणूनही दाखवतो, आणि वळतो मात्र रोजच्या ठिकाणी. मला हे वाचल्यावर वैमानिकांबद्दल एकदम जवळीक वाटली.

जानेवारीत दिगंबरने वांगणीला पोपटीला बोलावलं. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून, बाहेरून जाळ लावायचा. एरवी पोपटी संध्याकाळची, पण अश्विनीला रात्रपाळी होती म्हणून दुपारीच लावायची ठरली, आणि आम्ही सकाळीच निघालो. धुकं इतकं की गाडीचे दिवे समोर भिंतीवर पडावेत तसे पडत होते. दिगंबर रस्ता दाखवायला स्टेशनपाशी येऊन उभा होता. मी मागे गेलो, तो पुढे बसला. त्याच्या घराकडची बरीच शेतं विकली गेली होती. तिथे एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या नव्या इमारती आल्या होत्या, काही पुऱ्या, काही अर्ध्या.

तो सांगत होता, विहिरीवरनं सरळ, मग चिंचेपाशी डावीकडं. विहीर आली नाही. चिंचही आली नाही. आसंल फुडं, तो म्हणाला. मग एकदम, हितनंच घे, डावीकडं.

अश्विनीने गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं.

"मामा, नक्की?"

"आगं, मी हितं जन्मलोय."

"ते नाही विचारलं. आपण आत्ता कुठे आहोत?"

मला वाटलं तो चिडणार. भाचीने सगळ्यांसमोर विचारलेलं. त्याने काचेतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

"नाय म्हाईत गं," तो म्हणाला.

आम्ही तसेच बसलो. भावाच्या तोंडून हे शब्द शैलाने जन्मात ऐकले नसतील. काचेवर आतून वाफ धरली. मग कुठून तरी कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला, अगदी जवळून, आणि पाठोपाठ धुक्यातून मामी आली, हातात खराटा. काचेवर टकटक करून म्हणाली, दारात गाडी लावून बसलात, आत यायला काय पत्रिका पाठवू?

आम्ही त्याच्याच कुंपणापाशी उभे होतो. आणि डावीकडे, ऊन आल्यावर पाहिलं तर, नव्या इमारतीचा पाया खणलेला होता, अर्धा पाण्याने भरलेला. मामीने त्या दिवशी नवऱ्याला सोडलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगत होती, की आमचे हे पाव्हण्यांना घर दाखवायला गेले आन् सोताच हरवले. दिगंबर हसत होता, पण मडक्याला जाळ लावताना अश्विनीला जवळ बसवून त्याने हळूच हात पुढे करून करून दाखवलं, विहीर कुठे होती, बांध कुठून जायचा, चिंच कुठल्या इमारतीच्या जिन्याखाली गेली. त्यानंतर त्याने तिला डायवर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

दुसरी परीक्षा फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाली. सकाळी लवकर, धुकं विरळ. मी कामावर न जाता घरीच थांबलो होतो, शैलाने त्याबद्दल काही विचारलं नाही. फोन आला तेव्हा अश्विनीचा आवाज सपाट होता.

तिने सांगितलं ते असं. मार्ग तिने बरोबर परत म्हटला, बरोबर वळली. मग एका फाट्यावर, जिथे तू इथे आहेस सांगणारी पाटी असायला हवी तिथे काळोखा चौकोन होता. पाटीतला दिवा गेलेला. आपण कुठे आहोत याची तिला जवळजवळ खात्री होती. जवळजवळ. तिने जीप थांबवली आणि रेडिओवर सांगितलं की माझी जागा मला खात्रीने सांगता येत नाही. मागून एक विमान येत होतं, त्यालाही थांबावं लागलं. टॉवरने दुसरी पिवळी जीप पाठवली. वाट दाखवायच्या परीक्षेला गेलेल्या आमच्या मुलीला वाट दाखवायला गाडी आली.

"आणि बाबा, मी बरोबर जागेवरच होते. उगाच थांबले. गेलं सगळं."

फोन स्पीकरवर होता. सगळे रविवार मी टॉवर होतो, पण बरोबर असताना थांबलेल्या माणसाला काय म्हणायचं हे मी कधी ठरवलंच नव्हतं.

शैलाने विचारलं, "आणि चुकीच्या जागी असतीस तर?"

"तर थांबले म्हणून शाबासकी दिली असती."

"मग आत्ता का नाही?"

मी नकाशावर तो फाटा शोधला. बोटाच्या पेराएवढी जागा होती. सकाळभर मी भिंतीपाशी ये-जा केली.

दुपारी परीक्षकांनी तिला बोलावलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, असं ती नंतर म्हणाली. शंका कधी आली? पाटी दिसली नाही तेव्हा. थांबलीस कधी? तेव्हाच. ते खुर्चीत मागे टेकले. "बस, बेटा. बीच में कितना टाइम लगता है, वही देखना था." मग त्यांनी जीपची किल्ली तिच्यापुढे सरकवली आणि जाता जाता त्या पाटीच्या दिव्याची तक्रार तूच लिहून दे म्हणाले. दिवा त्याच दिवशी बदलला गेला.

त्या सकाळी तिच्यामागे थांबलेल्या विमानातली माणसं मला अधूनमधून आठवतात. माझी नि त्यांची ओळख नाही. त्यांतले काही पट्टा सोडून उठायला बघत असतील, कुणी घड्याळ पाहिलं असेल, कुणी शेजाऱ्याला म्हणालं असेल की उतरून इतका वेळ झाला, आता कशाला थांबवलंय. कारण त्यांना कुणी सांगितलं नसणार. सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. काही न होणं हे अशा बिनहिशेबी थांबण्यांवर उभं असतं, हे मला पन्नाशीत कळलं, आणि त्याचं माप कुठल्या उपकरणाने घ्यायचं ते अजून कळलेलं नाही.

आता ती त्या जीपवर जुनी झाली आहे. नव्या मुलांना शिकवते. थंडीच्या पाळीत तिला सकाळी फोन करायचा नाही असा घरचा नियम आहे. तो मी पाळतो, पण भिंतीवरच्या नकाशापाशी एक फेरी होतेच. आज सकाळीही झाली. शैलाने स्वयंपाकघरातून विचारलं, कुठे असेल आत्ता? मी गल्ल्यांवरून बोट फिरवलं आणि काढून घेतलं. ती आत्ता नेमकी कुठे आहे, हे मला सांगता येणार नाही. तिला येईल. आणि तिलाही येत नसेल, तर ती थांबलेली असेल.